‘अतिधोक्याचे धरण’ : एका विशेषणाचा अर्थ

अमेरिकी परिभाषेत धरणांचे अल्प, मध्यम व अति धोक्याचे असे तीन वर्ग केले जातात. येथे ‘धोका’ हा शब्द धरणाच्या अवस्थेचा वाचक नसून, ते फुटल्यास खालच्या बाजूस होणाऱ्या हानीचा वाचक आहे. यास्तव सुस्थितीतील धरणही अतिधोक्याचे ठरते आणि निर्जन माळावरील खचलेला बांध अल्पधोक्याचा.

जॉर्जिया राज्यातील टोकोआ फॉल्स येथील केली बार्न्स हे मातीचे खाजगी धरण सुमारे ४०० फूट लांब व ३८ फूट उंच होते. तेथील वीजनिर्मिती १९५७ मध्ये बंद पडली व जलाशय केवळ विहारापुरता उरला. उपयोग संपला तरी पाण्याचा दाब संपत नाही. धरणाचा खालचा उतार फार उभा होता. १९७३ च्या एका छायाचित्रात त्यावरील घसरण दिसते. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी अतिवृष्टीनंतर, मध्यरात्री दीडच्या सुमारास ते फुटले. खालच्या महाविद्यालयाच्या आवारात ३९ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत एकच निश्चित कारण सिद्ध झाले नाही. उताराची घसरण व अंतर्गत धूप यांचा संयोग संभवनीय मानला गेला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आदेशाने अतिधोक्याच्या बिगरसंघीय धरणांची तपासणी सुरू झाली.

‘लहान’ हे विशेषण धरणाचे आहे. ‘अतिधोक्याचे’ हे वस्तुतः धरणाखालील वस्तीचे. खाली नवी घरे उभी राहिली, की मातीचा कणही न हलता धरणाचा वर्ग बदलू शकतो. म्हणून मराठीत ‘धोकादायक धरण’ यापेक्षा ‘अतिहानिसंभव धरण’ हा पर्याय अधिक यथार्थ होय.