कर्ज त्याचं, नाव तुमचं!

एज्युकेशन लोनसाठी बँकेत गेलात आणि साहेबांनी विचारलं, ‘आधीच्या कर्जाचे हप्ते का थकलेत?’ तर? तुम्ही तर आजवर मित्राकडून शंभर रुपयेच उसने घेतलेत! पण पॅन आणि आधारची कॉपी भलत्याच्या हाती लागली, तर लोन अ‍ॅपवरून तुमच्या नावाने तो पैसे उचलू शकतो. हॉस्टेल, इंटर्नशिप, सिमकार्ड... या झेरॉक्स आपण कुठे कुठे दिल्यात, आठवतंय का?

असं झालंच तर पहिलं काम, घरी सांगा. गप्प बसलात तर थकबाकी वाढते आणि क्रेडिट स्कोअर तुमचा घसरतो. वसुलीवाल्यांच्या फोनला घाबरून ‘एक हप्ता भरून टाकू’ असंही करू नका. कर्ज तुमचंच आहे, असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. त्यापेक्षा मेसेज, ई-मेल, कॉल यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

मग तक्रार. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. नसतील तरी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवा. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ क नुसार गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

तक्रारीची प्रत घेऊन कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. चारही तपासा, चुकीच्या नोंदीवर हरकत घ्या. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागेल, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही, तर तिच्या लोकपालाकडे जाता येतं.

आता दारं बंद करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. तुमच्या नावावर किती सिम आहेत, ते ‘संचार साथी’वर बघा, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. आणि झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर कारण आणि तारीख आडवी लिहायला विसरू नका.