राजा गेला, मग राण्यांचं काय झालं?

नागपूरच्या महाल भागात भोसल्यांच्या जुन्या गोष्टी निघाल्या की कुणीतरी सांगतंच : राजा गेला की सगळ्या राण्या सती जायच्या, रीतच होती ती.

गैरसमज : सगळ्याच जात.
1 फेब्रुवारी 1817 रोजी नागपूरचे राजे परसोजी भोसले अंथरुणात मृत सापडले. खून होता हे पुढे उघड झालं. त्यांची पत्नी काशीबाई सती गेली. पण त्याच्या आदल्याच वर्षी आधीचे राजे दुसरे रघूजी वारले होते आणि त्यांची राणी बांकाबाई मागे राहिली होती. ती त्यानंतर 42 वर्षं जगली. 1818 मध्ये परसोजींनंतर आलेल्या अप्पासाहेबांना गादीवरून काढल्यावर तिसरे रघूजी दत्तक आले. ते अज्ञान असताना राजवाड्याचा कारभार तिनेच पाहिला, 1853 मध्ये त्यांचाही मृत्यू पाहिला आणि 1858 मध्ये ती वारली. एकाच वाड्यात, वर्षभराच्या आत, दोन विधवांच्या दोन वाटा! शास्त्रही सरसकट आज्ञा देत नव्हतं. गरोदर बाई आणि तान्ह्या मुलाची आई यांना त्यातून वगळलेलं होतं.

गैरसमज : हे राजपुतांचं, मराठ्यांचं नव्हे.
शिवाजी महाराजांमागे पुतळाबाई, राजाराम महाराजांमागे अंबिकाबाई, थेऊरला 1772 मध्ये माधवराव पेशव्यांमागे रमाबाई सती गेल्या. यादी आपलीच आहे. राजाराम महाराजांच्याच राणी ताराबाई मात्र मागे राहिल्या आणि मोगलांशी लढल्या.

गैरसमज : जाणारी स्वखुशीने जाई.
रमाबाईंच्या मनातलं आपण कसं सांगणार? सकवारबाईंचं मात्र बरंच नोंदलेलं आहे. डिसेंबर 1749 मध्ये साताऱ्यात शाहू महाराज वारले आणि त्यांच्या या राणी सती गेल्या. वारसाच्या वादात सकवारबाई पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होत्या. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो की पेशव्यांनी वरकरणी त्यांना परावृत्त करू पाहिलं आणि आतून माहेरच्या माणसांना हाताशी धरून कुळाच्या अब्रूचा धाक घातला. डफचा पेशव्यांवर राग होता, हे धरूनही प्रसंग बोलका आहे. राणी जिवंत राहिली तर तिच्याभोवती एक पक्ष उभा राही, दत्तकाचा प्रश्न उभा राही.

पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबांच्या ओयो राज्यात राजामागून मरण्याचं कर्तव्य त्याच्या घोड्यांच्या कारभाऱ्याकडे असे. वोले सोयिंका यांनी त्यावर 1975 मध्ये नाटक लिहिलं. तिथे ते हुद्द्याने येई, आपल्याकडे लग्नाने.

गैरसमज : 1829 ला कायदा झाला आणि प्रथा संपली.
4 डिसेंबर 1829 चा गव्हर्नर जनरल बेंटिंकचा कायदा बंगाल इलाख्यापुरता होता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तो 1830 मध्ये आला. भोसल्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलेल्या जबलपूर भागात इंग्रज अधिकारी स्लीमनने 1828 मध्येच आपल्या अधिकारात बंदी घातली होती. तरी नोव्हेंबर 1829 मध्ये नर्मदेकाठी एक म्हातारी विधवा सती जाण्यासाठी अन्नपाणी सोडून काही दिवस बसून राहिली, तेव्हा त्याला नमतं घ्यावं लागलं. संस्थानांत तर हा कायदा थेट लागूच नव्हता, आणि नागपूर 1854 पर्यंत संस्थानच होतं.

तिसऱ्या रघूजींना मुलगा नव्हता. त्यांच्या राण्या मागे राहिल्या, आणि त्यांनी दत्तक मागितला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नाकारून राज्य खालसा केलं. बांकाबाई तेव्हा हयात होती.