मशीन हिशेब ठेवील, माणसे कोण सांभाळणार?

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात, कपडे शिवले जातात, भरतकाम होते. हाताच्या जरीकामाला कॉम्प्युटरच्या मल्टिहेड मशीनने मागे टाकले, त्याला बरीच वर्षे झाली. आता कृत्रिम बुद्धिमत्ता, बाजाराच्या भाषेत 'एआय', आली आहे. ती डिझाइन काढते, कोणता माल किती उठेल याचा अंदाज देते, पार्टीच्या निरोपाला उत्तरही लिहिते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. आमच्या व्यापारी बांधवांत काहीजण म्हणतात, आता मुकादमाचा पगार वाचला. हे बोलणे नुकसानीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समजा, मशीनने दाखवले की चार नंबरच्या ऑपरेटरचे काम या आठवड्यात निम्म्यावर आले. आकडा खरा. पण धागा हलका आल्याने तुटतो आहे, घरी आजारपण आहे, की कामचुकारपणा आहे, हे आकड्यात दिसत नाही. जवळ जाऊन विचारावे लागते, आणि तेही कारागीर खरे सांगेल अशा रीतीने. चारचौघांत झापले तर तो 'जी सेठ' म्हणेल आणि ईदला गावी गेलेला परत येणार नाही. नवा हात तयार व्हायला महिने लागतात. सीझन तोवर थांबत नाही.

मोठ्यांनाही हा धडा मिळाला आहे. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ साली जाहीर केले की आपला एआय ७०० माणसांचे काम करतो. २०२५ मध्ये तिच्याच प्रमुखाने सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून पुन्हा माणसे घेण्याचे सांगितले. एअर कॅनडाच्या यंत्राने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. त्याला यंत्र स्वतः जबाबदार, असा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. आपल्या धंद्यातही पार्टीला जबान कोणी दिली, हे विचारले जाईल तेव्हा सेठलाच पुढे यावे लागेल.

म्हणून मुकादम तयार करा. आपण त्याला फक्त हजेरी घ्यायला ठेवतो, हीच खोट. जुना उस्ताद शागिर्दाला सुई धरायला शिकवी, त्याचे भांडण मिटवी, त्याच्यासाठी मालकाशी बोलेही. पंचिंग करणाऱ्या पोराजवळ जरीचा जुना कारागीर बसवा; कोणते कापड टाक्याने आकसते, हे त्याच्या बोटांना माहीत असते. मशीनचा अंदाज पटला नाही तर काम थांबवण्याचा अधिकार मुकादमाला द्या, आणि त्यात थोडे नुकसान झाले तर ते त्याच्या पगारातून कापू नका. ज्या गाळ्यांत शनिवारी हप्ता वाटतात, तिथे वाटपाआधी अर्धा तास मशीन बंद ठेवून कारागिरांचे ऐकावे. त्या अर्ध्या तासाची मजुरी मात्र सेठने द्यायची.