कामावर जाण्यासाठी विजेची दुचाकी : घेण्यापूर्वी मांडायचा हिशेब



१९७२ हे साल आपल्याकडे दुष्काळाचे म्हणून लक्षात राहिले आहे. पण त्याच साली आकुर्डीच्या बजाजची चेतक स्कूटर आणि फिरोदियांची लुना या दोन गाड्या बाजारात आल्या, हे थोड्यांनाच आठवत असेल. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत. लुनाला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीवर जाणारी माणसे आमच्या पिढीने रोज पाहिली. आज या दोन्ही गाड्या पुन्हा आल्या आहेत, पण पेट्रोलची टाकी न घेता. चेतक विजेवर चालणार हे ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झाले आणि विजेची लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. त्यांच्या जोडीला इतर कंपन्यांच्या अनेक गाड्या आहेत.

ऊसनोंदीच्या निमित्ताने भेटणारे सभासद आजकाल लागणीच्या तारखेइतक्याच आपुलकीने एक प्रश्न विचारतात. पोरगं हिंजवडीला कामाला जातं, किंवा सून तळेगावला जाते. विजेची गाडी घ्यावी का, आणि घ्यावी तर कोणती? आम्ही काही यंत्रतज्ज्ञ नव्हे. तथापि गेली दोन वर्षे आम्ही स्वतः अशी गाडी वापरतो, एकदा फसलोही आहोत. म्हणून हा लेख.

प्रथम पैशाचे बोलू. बरी गाडी रस्त्यावर येईपर्यंत लाख-सव्वा लाखाला पडते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरविलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे. म्हणजे लाखाची गाडी ही तोडणी-वाहतूक वजा न करताच अठ्ठावीस टन उसाची किंमत झाली. एवढा ऊस घालून घ्यायची वस्तू जाहिरातीतल्या पोरापोरींचे हसरे चेहरे पाहून घेऊ नये.

आता गाडी समजून घेऊ. बॅटरी ही टाकीच समजावी. तिचे माप किलोवॉट-अवर असे लिहिलेले असते. घाबरू नका, एक किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. तीन किलोवॉट-अवरची बॅटरी म्हणजे तीन युनिटांची टाकी. आमच्या वहीतल्या नोंदीप्रमाणे एका युनिटात स्कूटर साधारण तीस किलोमीटर जाते. एकटे आणि सावकाश गेलो तर थोडी जास्त, मागे माणूस बसवून दामटली तर बरीच कमी. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाची बहुतेक ताकद उष्णता होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते, मोटरीत ती फारशी वाया जात नाही. सगळी बचत येते ती इथूनच.

जाहिरातीत पल्ला लिहितात, समजा ११० किलोमीटर. हा आकडा खोटा नसतो. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेसारख्या मान्यताप्राप्त ठिकाणी ठराविक पद्धतीने चाचणी होते आणि तो निघतो. पण त्या चाचणीत नेऱ्याचे खड्डे नसतात, समोरून येणारा वारा नसतो, मागे बसलेले पाहुणे नसतात. प्रत्यक्षात त्याच्या सत्तर टक्के हाती येतात असे धरावे. शिवाय पाच-सहा वर्षांत बॅटरी म्हातारी होते आणि तिची साठवण पाचवा हिस्सा तरी घटते. सत्तर टक्क्यांचे पुन्हा ऐंशी टक्के केले की छप्पन उरतात. म्हणून आम्ही एक ढोबळ नियम सांगतो : रोजचे जाणे-येणे जेवढे, त्याच्या दुप्पट तरी जाहिरातीचा पल्ला असावा.

हा नियम आम्ही पुस्तकात वाचला नाही, रस्त्यावर शिकलो. आमची पहिली गाडी लहान बॅटरीची होती. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण चूक आमचीच. एका रात्री चिंचवडहून परतताना एका स्नेह्यांना मागे बसवले, उशीर झाला म्हणून गाडी वेगाच्या खटक्यावर टाकली. निघताना काट्यावर चाळीस टक्के दिसत होते, चाळीस टक्क्यांत घर सहज गाठू असे वाटले. नेरे मागे पडले आणि आकडा नऊवर आला, मग गाडीने स्वतःहून वेग कमी केला. पेट्रोल संपले तर बाटलीतून आणता येते. वीज बाटलीत कुठून आणणार! शेवटचे दीड किलोमीटर दोघांनी गाडी ढकलली. ती शंभर किलोच्या पुढची असते, हे त्या रात्री कळले.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी घरच्या गाडीवर आठ दिवस प्रवासाची नोंद ठेवा. सकाळी निघताना आणि रात्री परतल्यावर काट्यावरचे किलोमीटर लिहा. नुसते कामावरचे नव्हे, वाटेत किराणा, दवाखाना, मुलांची शाळा, मळ्यावरचा फेरा, सगळे. आपण 'दहा किलोमीटर जातो' म्हणतो आणि वहीत पस्तीस निघतात, असे पुष्कळांचे होते.

कासारसाईहून हिंजवडीच्या आयटी पार्कला जाऊन-येऊन, इकडचा-तिकडचा फेरा धरून चोवीस किलोमीटर होतात असे समजू. महिन्याला सव्वीस दिवस म्हणजे ६२४ किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला चौदा लिटर पेट्रोल लागेल. १०४ रुपये दर धरला तर साडेचौदाशे रुपये. विजेवर एकवीस युनिटे आणि चार्जिंगमधली घट धरून चोवीस. युनिटास दहा रुपये धरले तरी २४० रुपये. महिन्याला बाराशे वाचले.

दुसरा सभासदपुत्र चाकणच्या औद्योगिक वसाहतीत जातो. तळेगावमार्गे रोजचे पासष्ट किलोमीटर. त्याचे पेट्रोल महिन्याला ३,९०० रुपयांच्या घरात, वीज साडेसहाशेची, म्हणजे बचत तीन हजारांवर. पण आमच्या नियमाप्रमाणे त्याला १३० किलोमीटर पल्ल्याची, म्हणजे मोठ्या बॅटरीची महाग गाडी लागेल. आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रेलरच्या गर्दीतून, रात्रपाळी करून, दुचाकीवर पासष्ट किलोमीटर? कंपनीची बस असेल तर आम्ही बसच सांगू. पैसे वाचवायला जीव पणाला लावू नये.

आणि तिसरा, ज्याचे रोजचे जाणे-येणे पाच-सहा किलोमीटर आहे आणि ज्याच्या दारात चालती गाडी उभी आहे, त्याने काहीच घेऊ नये. त्याचे महिन्याचे पेट्रोल तीन-चारशे रुपयांचे. लाखभर रुपये घालून ते वाचवायचे, यात हिशेब बसत नाही. फार तर त्याने विजेची सायकल पाहावी. पंचवीस किलोमीटरच्या आतला वेग आणि अडीचशे वॅटच्या आतली मोटर असेल, तर अशा वाहनास नोंदणी आणि लायसन लागत नाही. मात्र 'लायसन लागत नाही' म्हणून विकलेली गाडी चाळीसच्या वेगाने पळत असेल, तर ती बेकायदा बदललेली आहे असे समजावे. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा गाड्यांविरुद्ध तपासणी मोहीम काढली होती. अपघात झाला तर विम्याचे काय, हा प्रश्न विक्रेत्याला विचारून पाहा, तो विषय बदलतो.

आता घरच्या प्लगकडे वळू. गाडी निवडताना लोक रंग पाहतात. आम्ही म्हणतो आधी भिंत पाहा. गाडी जिथे रात्री उभी राहील तिथे पंधरा अँपिअरचा पॉइंट, पक्की वायर आणि चालू अर्थिंग हवे. गावाकडे अर्थिंगचा खड्डा घर बांधताना मीठ-कोळसा घालून केलेला असतो आणि नंतर वीस वर्षे तिकडे कोणी फिरकत नाही. परवानाधारक वायरमनकडून तो तपासून घ्यावा. एक्स्टेंशन बोर्ड ओढून अंगणात चार्जिंग करणे धोक्याचे, आणि आपल्या मुळशीच्या पावसात तर मूर्खपणाचे. गाडी वर नेता येत नाही असे चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी काढून घरात नेता येणारी बॅटरी असलेली गाडी पाहावी.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती आडून-आडून विचारली जाते. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करू नये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून बळीराजा योजनेत मोफत वीज आहे, म्हणून मोह होतो. पण ती वीज पंपासाठी आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होऊ शकते. मळ्यावरच्या पेटीतून काढलेल्या उघड्या वायरीचे भय वेगळेच. घरगुती मीटरवर चार्जिंग करायला परवानगी आहे. 'युनिटे शंभराच्या वर गेली की सगळे बिल महाग दराने लागते' हा समज चुकीचा आहे. वरच्या टप्प्यात गेलेल्या तेवढ्याच युनिटांना वरचा दर लागतो.

बॅटरीचे आयुष्य हा खरा कळीचा मुद्दा. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी विजेच्या स्कूटर घेतल्या त्यांच्या मनात कडू आठवण आहे, दीड-दोन वर्षांत बॅटरी बसली. त्या बॅटऱ्या शिशाच्या होत्या, ट्रॅक्टरच्या आणि इन्व्हर्टरच्या असतात तशा. पूर्ण रिकामी करून भरत राहिले की त्या लवकर मरतात. आताच्या लिथियमच्या बॅटऱ्या पुष्कळ टिकतात, पण त्यांनाही जपावे लागते. उन्हातून आल्या-आल्या चार्जिंगला लावू नये, अर्धा तास थंड होऊ द्यावी. रोज शून्यावर आणू नये. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, तशा घटना त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही झाल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सबब, जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेताना ती कधी बनली हे जरूर पाहावे.

वॉरंटी वाचताना वर्षे आणि किलोमीटर दोन्ही पाहा. जे आधी भरेल तिथे वॉरंटी संपते. चाकणवाल्याचे किलोमीटर महिन्याला सोळाशेच्या पुढे जातात, त्याला वर्षांचा आकडा दाखवून उपयोग नाही. साठवण किती टक्क्यांखाली गेली म्हणजे बॅटरी बदलून मिळेल, हे लेखी घ्यावे. आणि दुरुस्ती कुठे होते ते दुकानाच्या नव्हे, दुरुस्तीच्या शेडमध्ये जाऊन पाहावे. तिथे किती गाड्या किती दिवस पडून आहेत, हे तिथे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारले की सगळे कळते.

अनुदानावर हिशेब बांधू नये. केंद्राची फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दुचाकीला बॅटरीच्या किलोवॉट-अवरमागे पहिल्या वर्षी ५,००० आणि दुसऱ्या वर्षी २,५०० रुपये ठरले. म्हणजे मदत आटतच गेली. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या वाहनांना मोटार वाहन करातून सूट आहे. विक्रेत्याकडून रस्त्यावर येईपर्यंतची पूर्ण किंमत कागदावर घ्यावी, म्हणजे कुठली सूट धरली आणि कुठली नाही ते दिसते.

कोणी म्हणेल, आपण ऊसवाले. आपल्या मळीचे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते, २०२५ मध्ये देशाने वीस टक्के मिश्रण गाठले, मग विजेच्या गाडीची भलावण आपल्याच पत्रकात कशाला? प्रश्न रास्त आहे. पण ज्या कारखान्यांत सहवीजनिर्मिती आहे तिथली बगॅसची वीजही महावितरणच्या तारेतच जाते. आणि सभासदाच्या घरचे महिना बाराशे रुपये वाचत असतील, तर ते सांगायचे नाही असे आम्हांस पटत नाही.

शेवटी रस्त्याबद्दल. ही गाडी आवाज करत नाही. गुरे, कुत्री, खेळणारी पोरे कानाने सावध होतात, डोळ्यांनी नव्हे. वस्तीतून जाताना हॉर्न द्यावा. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या रात्रभर चालतात, काहींना मागे लाल पट्टी नसते, वाढे बाहेर लोंबत असतात. विजेची गाडी पहिल्या झटक्यात जोर घेते, त्यामुळे नवशिक्याला अंतराचा अंदाज येत नाही. चाचणीची फेरी दिवसा शोरूमभोवती न मारता, जमल्यास संध्याकाळी आपल्याच रस्त्यावर मारावी, म्हणजे दिव्याचा उजेड पुरतो का तेही कळेल. पाण्याखाली गेलेल्या मोरीवरून गाडी घालू नये, डब्यावर काहीही लिहिलेले असो.

परवा परंदवडीकडचे एक सभासद भेटले. मुलीसाठी गाडी ठरवत होते. आठ दिवसांच्या नोंदीत रोजचे सव्वीस किलोमीटर निघाले होते आणि त्यांनी साठ किलोमीटर पल्ल्याची लहान बॅटरीची गाडी पसंत केली होती. बुकिंग मात्र केले नव्हते. आधी वायरमन बोलावला, तर अर्थिंग मेलेले निघाले. आता पाडव्याला गाडी येईल म्हणाले, तोवर नवा खड्डा खणून होईल.