क्रूस त्यांचा, दंड सरकारचा

समजा, खडवलीत भातसा नदीच्या पाण्यात एकाच दिवशी तीन तरुणांनी ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला. एक ब्राह्मण, एक कातकरी आणि एक मातंग. धर्मोपदेशक एक, नदी एक, श्रद्धाही एकच. दुसऱ्या दिवशी कायद्यासमोर या तिघांचे काय होते? ब्राह्मणाचे फारसे काही जात नाही. कातकरी अनुसूचित जमातीतच राहतो, कारण जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. मातंग तरुण मात्र अनुसूचित जातीतून बाहेर फेकला जातो. कल्याणच्या प्रांत कार्यालयातून मिळवलेला त्याचा दाखला कुचकामी ठरतो. अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, नोकरीतील आणि ग्रामपंचायतीतील राखीव जागा, ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण, सारे संपते.

स्वतःला नाकारून क्रूस उचलावा, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. श्रद्धेची किंमत मोजावी लागते, हे त्या धर्माने कधी लपवले नाही. महाराष्ट्रात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ती मोजली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंची व त्यांची वर्षानुवर्षे ताटातूट झाली. पण ही किंमत घराने आणि जातीने वसूल केली, सरकारने नव्हे. उलट १८५० च्या एकविसाव्या कायद्याने इंग्रज सरकारने ठरवले होते, की धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, १९५० मध्ये, स्वतंत्र भारतात राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने धर्माची अट घातली. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या अटीतून वाट मिळाली. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत.

मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणाऱ्या सूसाईंनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. सरकार अनुसूचित जातीच्या चर्मकारांना टपऱ्या देत होते, सूसाई ख्रिस्ती म्हणून त्यांना नाकारली. धर्मांतरानंतरही जातीचे जाच तितकेच तीव्र आहेत हे सिद्ध झाले नाही, असे सांगून १९८५ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. ज्याला साधी टपरी मिळत नाही, त्याने समाजशास्त्राचे पुरावे कोठून आणायचे?

मग लोक काय करतात? कागदावर हिंदू राहतात आणि रविवारी प्रार्थनेला जातात. पुदुच्चेरीतील एका महिलेच्या प्रकरणात, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्याला संविधानाशी केलेली फसवणूक म्हटले. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका धर्मोपदेशकाची ॲट्रॉसिटीची फिर्याद तो ख्रिस्ती आहे म्हणून टिकू दिली नाही. शिवी देणारा मात्र बाप्तिस्म्याचा दाखला विचारून शिवी देत नाही! आणि तोच माणूस परत हिंदू झाला व जातीने त्याला स्वीकारले, तर त्याची जात परत मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केले आहे. म्हणजे बाहेर जाणाऱ्याला दंड आणि परतणाऱ्याला बक्षीस. याला धर्मस्वातंत्र्य कसे म्हणावे?

बौद्ध म्हणून आम्ही हे दुःख ओळखतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या पिढ्यांनी हीच शिक्षा भोगली. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीसाठी ३४ वर्षे लढावे लागले. बौद्ध धम्मातही जात नाही, तरी गावाने आमची जात विसरली नाही, म्हणून आम्हाला न्याय मिळाला. तोच युक्तिवाद ख्रिस्ती मातंगाला का लागू नये?

आपल्या वस्त्यांत एक भीती बोलली जाते: १३ टक्क्यांत आणखी वाटेकरी आले तर आमच्या मुलांचे काय? ही भीती खोटी नाही. पण तिचे उत्तर शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवणे हे नव्हे. लोकसंख्या वाढेल तसा टक्काही वाढला पाहिजे, ही मागणी त्याच निवेदनात असायला हवी. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने तिसरा परिच्छेद रद्द करण्याची शिफारस केली. ती बाजूला ठेवून २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला आणि त्यालाही मुदतवाढ मिळत गेली.

चर्चलाही आमचा एक सवाल आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची स्थिती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परखडपणे तपासली होती. दक्षिणेत आजही काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांना कब्रस्तानातही वेगळी जागा दाखवली जाते. स्वतःला नाकारण्याची शिकवण खरी असेल, तर आधी उच्चजातीय ख्रिस्त्यांनी आपली जात नाकारावी. त्यागाचा उपदेश नेहमी उपाशी माणसालाच का?

ज्याला क्रूस उचलायचा असेल त्याने तो स्वेच्छेने उचलावा. त्यावर आपला दंड लादण्याचा अधिकार सरकारला नाही. तिसरा परिच्छेद रद्द करा आणि आरक्षणाचा टक्का वाढवा, या दोन्ही मागण्या आंबेडकरी संघटनांनी एकत्रच केल्या पाहिजेत. जयभीम!