बोटभर उंचीचं झुडूप : ड्रायस

उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रा प्रदेशात मोठी झाडं वाढत नाहीत, हे आपण भूगोलात शिकलो. पण झाडं नाहीत म्हणजे तिथे काहीच उगवत नाही, असं नव्हे. तिथे आणि आल्प्सच्या उंच उतारांवरही जमिनीलगत वाढणारी कितीतरी रानफुलं आहेत. त्यांतलं एकच आज नीट पाहू : ड्रायस ऑक्टोपेटाला. 'ऑक्टो' म्हणजे आठ. याच्या पांढऱ्या फुलाला बहुधा आठ पाकळ्या असतात. हे आइसलँडचं राष्ट्रीय फूल आहे.

दिसायला नाजूक, पण हे चक्क झुडूप आहे बरं का! खोड लाकडाचं, फक्त ते उभं न राहता सरपटत जातं आणि चटईसारखं पसरतं. असं का? जमिनीलगत वाऱ्याचा जोर कमी होतो आणि उन्हाने तापलेल्या जमिनीची ऊबही तिथेच मिळते. हिवाळ्यात वाऱ्याबरोबर उडणारे बर्फाचे कण कानशीसारखे घासतात. वर डोकं काढणारी फांदी त्यात सोलून निघते. पानं छोटी, जाडसर, खालून पांढऱ्या लवीची. त्यामुळे त्यांतलं पाणी लवकर उडत नाही.

फुलाची गंमत तर वेगळीच. पूर्ण उमललेलं सूर्यफूल सूर्यामागे फिरत नाही, ते पूर्वेकडेच तोंड करून थांबतं. ड्रायसचं उमललेलं फूल मात्र खरोखर फिरतं. त्याच्या वाटीसारख्या पाकळ्या ऊन मधोमध गोळा करतात. माश्या तिथे शेकायला बसतात आणि जाताना परागकण घेऊन जातात. बिया वाढायलाही ही ऊब कामी येते.

आता इतिहास. डेन्मार्क-स्वीडनच्या जुन्या चिखलात या पानांचे अवशेष सापडतात. मधल्या उबदार काळाच्या थरात ती जवळजवळ नाहीशी होतात, कारण तेव्हा तिथे बर्च वगैरे झाडं आली होती. त्याच्या वरच्या थरात ती पुन्हा दिसतात. म्हणजे थंडी परतली, जंगल हटलं आणि ड्रायस आलं! सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या त्या थंड काळाला शास्त्रज्ञ 'यंगर ड्रायस' म्हणतात.

यावरून वाटेल, की याला थंडीच हवी. तसं नाही. आयर्लंडच्या बरेन भागात, जिथे हिवाळा सौम्य असतो, तिथे चुनखडीच्या खडकांवर हे अगदी समुद्रसपाटीजवळही फुलतं. याला सोसत नाही ती सावली. आज टुंड्रा तापतोय आणि अनेक ठिकाणी विलो, खुजा बर्च यांची झुडपं उंच अन् दाट होतायत. बोटभर उंचीच्या ड्रायसला त्यांच्याशी स्पर्धा कशी जमणार? बरेनमध्येही हेझलची झुडपं पसरतायत. तिथले शेतकरी पूर्वापार हिवाळ्यात गुरं डोंगरावर चरायला सोडतात. गुरं दाट गवत खातात, झुडपांची कोवळी रोपं खुडतात, आणि वसंतात ड्रायसला ऊन मोकळं मिळतं.