धूर काय सांगतो?

थंडीचे दिवस होते. सकाळचे साडेसहा वाजले होते. मालेगावात आमच्या गल्लीत राहणारे एक चाचा आपली जुनी डिझेल जीप सुरू करत होते. बऱ्याच प्रयत्नांनंतर इंजिन कसेबसे सुरू झाले आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघू लागला. धूर इतका दाट होता, की समोरचे घर दिसेना! पाच-सात मिनिटांनी तो आपोआप थांबला.

आठवडाभर रोज असेच होत होते. एका मेकॅनिकने सांगितले, ‘‘इंजिन गेले. पूर्ण खोलावे लागेल.’’ चाचांचे घर त्या जीपच्या भाड्यावरच चालत असे. इंजिन खोलायचे म्हणजे मोठा खर्च, आणि गाडी उभी राहिली की कमाई बंद. म्हणून ते दुसऱ्या गॅरेजमधील उस्तादांकडे गेले. उस्तादांनी पान्याला हातही लावला नाही. त्यांनी आधी तीन प्रश्न विचारले. धूर कोणत्या रंगाचा? तो कधी येतो? त्याचा वास कसा आहे?

हेच प्रश्न का विचारले, हे कळण्यासाठी डिझेल इंजिन कसे चालते ते पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. पिस्टन हवेला दाबून सुमारे १६ ते २२ पट लहान जागेत कोंबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही पाहिले असेल. इंजिनातील हवा अशीच दाबाने तापते. पण ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते आणि तो फवारा आपणहून पेटतो. तो पुरता जळला, तर सायलेन्सरमधून जवळजवळ काहीच दिसत नाही.

डिझेल अर्धवट जळले, की धूर काळा होतो. तो रंग काजळीचा असतो. कसारा घाटात भरलेला जुना ट्रक चढताना असा धूर सोडतो. इंजिनाला डिझेल जास्त आणि हवा कमी मिळाली, की असे घडते. पुष्कळदा दोष अगदी साधा असतो : एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो. तो स्वच्छ असेल तर मग नोझलकडे पाहावे. ती फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत असेल. या धुराकडे दुर्लक्ष करू नये. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले. या नियमांनुसार बनलेल्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी असते. अशी मोटार काळा धूर सोडू लागली, तर गाळणी फुटली आहे किंवा कोणीतरी ती काढून टाकली आहे, असा संशय घ्यावा.

निळसर धूर डिझेलचा नसतो, तो इंजिन ऑइलचा असतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना एकदाच निळा लोट आला, तर व्हॉल्व्हचे सील झिजले असावेत. चढावर तो सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता असते. मग मात्र इंजिन खोलण्यावाचून इलाज नसतो. टर्बोचे सील फुटले तरी ऑइल इंजिनात शिरते. कधी कधी इंजिन त्या ऑइलवरच चालू लागते. मग चावी बंद केली तरी ते थांबत नाही, उलट त्याचा वेग वाढत जातो! अशा वेळी बॉनेटपाशी वाकून पाहणे जिवावर बेतू शकते.

आता पांढरा धूर. येथे तुमच्यासाठी तीन मराठी शब्द : धूर, धूळ आणि धुके. माझे विद्यार्थी यांत नेहमी गोंधळ करतात. गंमत अशी, की पांढरा धूर हा खरे तर धुक्याचाच भाऊ आहे. त्यात काजळी नसते, बारीक थेंब असतात. प्रश्न एवढाच, की थेंब कशाचे?

थेंब पाण्याचे असतील, तर हेड गॅस्केट फुटून रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरत असेल. मग इंजिन तापल्यावरही धूर थांबत नाही, रेडिएटरमधील पाणी रोज कमी होते आणि कूलंटचा गोडसर वास येतो. पाणी तपासायचे तर इंजिन थंड झाल्यावरच झाकण काढावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडताच उकळते पाणी उसळते आणि हात-तोंड भाजते.

चाचांच्या जीपमधील पाणी कमी होत नव्हते. धुराला कच्च्या डिझेलचा वास होता, तो डोळ्यांना झोंबत होता आणि इंजिन तापले की नाहीसा होत होता. म्हणजे थंड सिलिंडरमध्ये डिझेल न पेटताच बाहेर पडत होते. सकाळी सिलिंडर गरम करण्यासाठी अशा इंजिनात हीटर प्लग असतात. उस्तादांनी बॅटरीची वायर आणि एक छोटा बल्ब घेऊन चारही प्लग तपासले. दोन प्लगांवर बल्ब लागलाच नाही.

‘‘एवढेच?’’ चाचांनी विचारले.

‘‘एवढेच. हे बदलून उद्या सकाळी बघा. तरीही धूर आला, तर मग डिझेल पंपाचे टायमिंग पाहू.’’

दुसऱ्या दिवशी गल्लीतील आम्ही तिघे-चौघे मुद्दाम लवकर उठलो. जीप पहिल्याच सेल्फला सुरू झाली. सायलेन्सरमधून थोडी वाफ आली आणि पहाटेच्या धुक्यात मिसळून गेली.